रेघ मारायला दोन हात लागतात

गणिताचा मास्तर निवृत्त झाला तरी त्याची सुटका होत नाही. लग्नाच्या पंगतीत शेजारचा माणूस ओळख काढतो, मी विषय सांगतो, आणि त्याचा घास हातातच राहतो. "सर, मला अजून स्वप्नात गणिताचा पेपर पडतो बघा." जणू पेपर मीच काढला होता आणि ह्याला नापास करायची सुपारीही मीच घेतली होती. पुढचा प्रश्न ठरलेला. "सर, ते एक्स आणि वाय पुढं कुठं उपयोगाला येतं हो?" तरुणपणी मी ह्याच्यावर भांडायचो. आता भात कालवत म्हणतो, "तुम्हाला नाही ना आलं? मग सोडा." पण एका पोरीला ते कुठं उपयोगाला आलं हे मी डोळ्यानं बघितलंय, म्हणून ह्या दिवाळीला लिहायला बसलो.

मी तांबोळी, मूळचा खटाव तालुक्यातल्या वडूजचा. आमच्याकडं पाऊस कमी आणि बोलणं रोखठोक. नोकरी मात्र सगळी कुंडल-पलूसच्या बाजूला, उसाच्या पट्ट्यात झाली. बायको म्हणते, "इतकी वर्षं गोड गावात राहिला, पण तोंड खटावचंच राहिलं." तिचं म्हणणं खरं आहे. माझ्या हातनं खडू जितके मोडले, त्याच्यापेक्षा जास्त पोरं माझ्या बोलण्यानं मोडली असतील.

माझा आवडता धडा दहावीचा पहिला, एकसामयिक समीकरणं. नाव ऐकूनच लोक पळतात, पण आत काही नाही. गोठ्यात म्हशी आणि कोंबड्या मिळून दहा डोकी आहेत, एवढंच कुणी सांगितलं तर किती म्हशी ते सांगता येत नाही. नऊ म्हशी असतील, एकही असेल. दुसरा येऊन म्हणाला, पाय अठ्ठावीस आहेत, की लगेच कळतं, म्हशी चार आणि कोंबड्या सहा. दोन गोष्टी माहीत नसतील तर दोन खबरी लागतात. कागदावर काढली की प्रत्येक खबर म्हणजे एक सरळ रेघ होते, आणि दोन रेघा जिथं एकमेकीला छेदतात तिथं उत्तर. आलेखाच्या चौकटीच्या कागदावर ह्या रेघा पोरांकडनं काढून घेण्यात माझा जन्म गेला. उजव्या कोपऱ्यात 'प्रमाण : एक सेंटिमीटर बरोबर एक एकक' लिहायला विसरला की अर्धा मार्क कापायचो. दयामाया नाही.

निवृत्त झालो आणि डोंगरावरच्या एका निवासी शाळेत दोन वर्षं शिकवायला गेलो. तिथली परीक्षा परदेशी धर्तीची. पहिल्याच दिवशी बघतो तर पोरांच्या बाकावर फूटपट्टी नाही, पेन्सिल नाही. प्रत्येकाच्या हातात जाडजूड कॅल्क्युलेटर, वर मोबाइलएवढा पडदा. दोन समीकरणं भरायची, बटण दाबायचं, पडद्यावर दोन रेघा सर्रकन येतात. मग त्याला सांगायचं, छेदनबिंदू काढ. तो विचारतो, पहिली रेघ हीच का? दाब. दुसरी हीच का? दाब. साधारण कुठं असेल? बोटानं ठिपका जवळ न्यायचा आणि दाब. खाली उत्तर हजर. मला राग आला. विकतची भाकरी ताटात घ्यायची आणि म्हणायचं मी थापली, त्यातला प्रकार. रेघ हातानं मारली नाही तर ती कळणार कशी, असं मी तिथल्या मुख्याध्यापकांना तोंडावर बोललो. ते शांतपणे म्हणाले, "तांबोळी सर, आधी तुम्ही शिकून घ्या."

शिकलो. साठीला आलेला माणूस नातवाच्या वयाच्या पोरांकडनं बटणं शिकला. आणि मग माझ्या ध्यानात आलं की हे यंत्र निम्मं खोटं बोलतं. मुळात ते दोन्ही बाजूला दहा-दहा घरांचाच चौकोन दाखवतं. रेघा त्या चौकोनाच्या बाहेर छेदत असतील तर पडद्यावर त्या नुसत्या शेजारी शेजारी दिसतात. हुशार हुशार पोरं 'उत्तर नाही' लिहून मोकळी व्हायची. तिथं मास्तर लागतोच. मी खूश झालो, आपली गरज अजून संपली नाही म्हणून. गुडघ्यानं डोंगर चढायला नकार दिला तेव्हा पुन्हा कुंडलच्या बाजूला परतलो. परदेशी निघालेल्या एका मुलीनं आपला जुना कॅल्क्युलेटर मला देऊन टाकला होता. तो कपाटात टॉवेलात गुंडाळून पडला.

एके दिवशी सकाळी दारात फटफटी वाजली. हणमंतराव, फौजेतनं हवालदार म्हणून निवृत्त झालेला. कुंडलच्या अलीकडं त्याचा मळा आहे. मी त्याला लहानपणी शिकवलं होतं. उंच, ताठ माणूस, बोलताना समोरच्याच्या डोळ्यात बघणारा. त्या दिवशी तो माझ्या पायपुसण्याकडं बघत बोलला.

"सर, पोरगीला जरा समजावून सांगा. तुमचं ऐकंल."

पोरगीचं नाव नूतन. नववी झालेल्या सुट्टीत तिचा उजवा हात कडबाकुट्टीत गेला होता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, कडबाकुट्टी म्हणजे वैरण बारीक करायचं यंत्र. तोंडातनं कडबा नाहीतर उसाच्या शेंड्याचं हिरवं वाडं आत सारायचं, पाती फिरतात, पलीकडं चुरा पडतो. आमच्या भागात गोठा तिथं हे यंत्र. त्या दुपारी लाइट गेली होती. यंत्राच्या तोंडात वाडं अडकलं होतं, ते नूतन हातानं ओढून काढत होती. हणमंतराव विहिरीकडनं आला, लाइट आलेली दिसली आणि त्यानं बाहेरच्या बाहेर भिंतीवरचा स्टार्टर दाबला. हात मनगटापासनं गेला. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि त्याच्यासमोर कुणी विषय काढत नव्हतं.

"शाळेतनं सांगितलंय," तो म्हणाला, "अशा पोरास्नी सवलत मिळती. गणित सोडून दुसरा सोपा विषय घेता येतो. फॉर्म भरायचा हाय. पण ही नुसती गप बसती. व्हय म्हणत न्हाई, न्हाई म्हणत न्हाई. तिला आता कसला तरास नगं बगा, सर. लय झाला."

मी विचारलं, "तिला पुढं काय करायचं होतं?"

"डिप्लोमा. रस्ता मोजायला साहेब लोक आले हुते आमच्या बांधावर, त्यात एक बाई हुती, दुर्बीण लावून बघायची. तवापासनं एकच धरून बसली हुती." मग म्हणाला, "पण आता ते कसं व्हायचं?"

गणित सोडलं की इंजिनिअरिंगच्या डिप्लोम्याचं दार बंद. हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. म्हटलं, पोरीला घेऊन या, मग बघू.

नूतन आली. ओढणीचा पदर उजव्या हातावर गुंडाळलेला. डाव्या हातानं लिहायला शिकत होती, पण एक ओळ लिहायला भाकरी भाजून होईल एवढा वेळ. मी सरळच विचारलं, "गणित सोडायचंय का तुला?"

तिनं डाव्या हातानं ओढणी आणखी घट्ट गुंडाळली. मग म्हणाली, "सर, रेघ मारायला दोन हात लागत्यात."

मी उभ्या आयुष्यात ह्याचा विचार केला नव्हता. एक हात पट्टी दाबून धरतो, दुसरा पेन्सिल ओढतो. एका हातानं पट्टी धरली तर पेन्सिल कोण धरणार? पोरीनं घरी करून बघितलं होतं. पट्टीवर वरवंटा ठेवून, हनुवटीनं दाबून, सगळं करून झालं होतं. पट्टी सरकायची आणि रेघ वाकडी व्हायची. ती हे सांगत होती आणि ओट्यावर तिचा बाप पाठ करून बसला होता. मी आत गेलो आणि कपाटातला टॉवेल सोडला.

कॅल्क्युलेटर पुढ्यात ठेवून म्हटलं, "हे दाब."

ती मागं सरकली. मला आधी कळेना. मग बाहेरनं हणमंतरावच बोलला, "ती बटणास्नी हात लावत न्हाई, सर. घरातला दिवाबी तिची आयच लावती."

बटण दाबलं की काय होतं ते ह्या पोरीनं भोगलं होतं. मी पाठीमागचं झाकण काढून दाखवलं. "हे बघ. मोटर नाही, पातं नाही. चार बारके सेल आहेत. हे बिघडलं तर फार तर चुकीचं उत्तर देईल, आणि तेवढं तर माझ्या वर्गातली निम्मी पोरं रोज देतात." ती किंचित हसल्यासारखी झाली. पहिल्या दिवशी तिनं बटण दाबलं नाही. दुसऱ्या दिवशी मीच दाबलं, ती बघत बसली. आणखी दोन-तीन फेऱ्यांनंतर डाव्या अंगठ्यानं तिनं स्वतः चालू केलं आणि लगेच हात मागं घेतला. पडदा उजळला आणि काही झालं नाही. मग तिनं बंद केलं, परत चालू केलं, असं किती वेळ करत होती. मी बसून राहिलो. मला कुठं जायचं होतं?

मग समीकरणं. दोन एक्स अधिक वाय बरोबर सात, आणि एक्स वजा वाय बरोबर दोन. ह्या यंत्राची एक खोड आहे. पुस्तकातलं समीकरण जसंच्या तसं ते घेत नाही. त्याला 'वाय बरोबर अमुक' असं सुटं करून द्यावं लागतं. नूतनला कागदावर भराभर लिहिता येत नव्हतं, म्हणून ती ते तोंडानं करायला लागली. "दोन एक्स पलीकडं गेला, चिन्ह बदललं. वाय बरोबर सात वजा दोन एक्स." मग अंगठ्यानं भरायची. दुसरं, वाय बरोबर एक्स वजा दोन. बटण दाबलं आणि पडद्यावर एक रेघ उतरत आली, एक चढत गेली, दोघी मधे भेटल्या. एक्स तीन, वाय एक.

नूतन पडद्याकडं बघत राहिली. "सरळ हाय, सर," म्हणाली.

एवढं बोलली आणि रडायला लागली. मी चहा सांगायच्या निमित्तानं आत गेलो. तिथं बायको डोळे पुसत उभी होती. मला म्हणते, "आता तरी त्या पोरीवर ओरडू नका."

ओरडायची वेळच आली नाही. पोरगी तल्लख होती. एकदा मी मुद्दाम पेच टाकला. एक रेघ, एक्सच्या निम्म्यात एक मिळवा. दुसरी, एक्सच्या तिसऱ्या हिश्शात चार मिळवा. तिनं भरलं, बघितलं. दोन रेघा पडद्याच्या ह्या टोकापासनं त्या टोकाला शेजारी शेजारी गेलेल्या.

"सर, ह्यांस्नी उत्तर न्हाई."

"कशावरनं?"

"मिळतच न्हाईत." मग पडदा डोळ्याजवळ नेला. ओठ हलायला लागले. "थांबा सर. खालची हाय ती निम्म्यानं चढतीय. वरची तिसऱ्या हिश्शानं. म्हंजे खालची जोरात चालतीय." एकदम वर बघून म्हणाली, "गाठणार की वो तिला! हितं दिसत न्हाई, पण फुडं गाठणार."

"मग यंत्राला सांग पुढचं दाखव म्हणून."

मी बटणं सांगितली, तिनं चौकोन मोठा केला. अठरा आणि दहाला दोन्ही रेघा मिळाल्या. पोरगी खळखळून हसली. डोंगरावरच्या शाळेत भलीभली पोरं जिथं फसली होती तिथनं ही नुसत्या विचारानं बाहेर पडली होती. ओट्यावरचा बाप उठून दारात आला. त्या सुट्टीनंतर हे हसणं त्यानं ऐकलं नसावं.

मला वाटलं, आता हा खूश होणार. पण फौजी माणूस, त्यानं नेमका प्रश्न विचारला. "सर, हे मशीन परीक्षेत चालतं का?"

"नाही. आपल्या बोर्डाला साधा कॅल्क्युलेटरही चालत नाही."

"मग तिला आशा कशापायी लावताय? तितं गेल्यावर हाय का पुन्ना तेच? माझ्या पोरीला तितं रडाय बसवायचं हाय का तुमाला?"

प्रश्न रास्त होता. उत्तर माझ्याकडं होतं, पण ते नीट सांगायच्या ऐवजी माझं खटावचं तोंड सुटलं. "हवालदार, सवलत तिला पाहिजे का तुम्हाला? तिचं अवघड तुमच्यानं बघवत नाही, म्हणून तिचं सगळं सोपं करायला निघालाय. ती काय जन्मभर ओसरीवर बसून राहणार?"

त्यानं पोरीला गाडीवर बसवलं आणि गेला. पुढचे काही दिवस फटफटी आली नाही. बायकोनं माझ्याशी बोलणं बंद केलं, ते वेगळंच.

मग एका सकाळी नूतनची आई तिला घेऊन दारात उभी. उसातनं चालत आलेल्या, दोघींच्या पायाला चिखल. आई म्हणाली, "धनी बोलत न्हाईत. पर आडवंबी येत न्हाईत. तुमी शिकवा."

फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवसात हणमंतराव स्वतः आला, गाडीवरनं न उतरताच म्हणाला, "गणित ठेवलंय. पोरगी ऐकत न्हाई, म्हणून मी ऐकलं." आणि गाडीला किक मारली.

आता माझं उत्तर सांगतो. नूतनला परीक्षेत लेखनिक मिळणार होता. लेखनिक म्हणजे खालच्या वर्गातलं पोर. विद्यार्थ्यानं सांगायचं आणि त्यानं लिहायचं. इतिहास, मराठी सांगता येतं. गणित तोंडानं सांगून बघा! कंस कुठं उघडला, कुठं मिटला, अपूर्णांकाची रेघ कुणाखाली, एकेक गोष्ट बोलावी लागते. आलेख तर सगळा बोलून काढायचा. लेखनिकानं स्वतःचं डोकं चालवायचं नाही, सांगितलं तेवढंच करायचं. मग सांगणाऱ्याला ती रेघ डोळ्यापुढं लखलखीत दिसायला हवी. ती दिसायची सवय लावायला मी यंत्र वापरलं. आधी तिनं डोळे मिटून सांगायचं, रेघ चढणार का उतरणार, कुठनं निघणार, दुसरीला साधारण कुठं छेदणार. मग बटण दाबून बघायचं. सुरुवातीला दहातल्या चार वेळा बरोबर यायचं. दिवाळीनंतर यंत्र नुसतं शेजारी पडून राहायला लागलं. मी लेखनिक होऊन बसायचो आणि ती सांगेल तसं कागदावर काढायचो. "सर, आडवी रेघ मारा. मधे उभी मारा. आता बिंदू, शून्य, सहा." मी मुद्दाम बावळटासारखं वागायचो. पण चाळीस वर्षांचा सराव असलेला हात बावळट होत नाही, ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही.

निकालाचं आधीच सांगून टाकतो, वाचकाला टांगून ठेवायची मला हौस नाही. नूतन गणितात पास झाली. आज सांगलीला डिप्लोम्याच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मार्क किती ते लिहायचं नाही अशी तिनं मला तंबी दिलीय, आणि मला लेकीबाळींच्या तंबीचं भय वाटतं. पण सांगायचंय ते निकालाचं नाही. गणित भाग एकच्या पेपरादिवशी जे झालं ते सांगायचंय.

ठरलेल्या लेखनिक मुलीला परीक्षेच्या तोंडावर कांजिण्या आल्या. सकाळी शाळेनं धावपळ करून नववीतली दुसरी पोरगी उभी केली, बारीक अंगाची, घाबरलेली. नूतन तिला म्हणाली, "भिऊ नगंस, मी सांगती तसं कर." दोघी आत गेल्या. हणमंतराव आणि मी केंद्रासमोरच्या रसवंतीच्या बाकावर बसलो. हणमंतराव चरकाकडं पाठ करून बसला होता. मागं उसाची मोळी चरकात जायची, घुंगरं वाजायची, आणि त्याच्या मानेची शीर उडायची. मी म्हटलं, पलीकडं झाडाखाली बसू. तो म्हणाला, "नगं. हितनं गेट दिसतंय."

घंटा झाली. पोरं बाहेर आली, उत्तरं जुळवत, एकमेकांना शिव्या देत. नूतनला जादा वेळ होता. गेटासमोरची गर्दी पांगली, शिपाई खुर्ची घेऊन सावलीला बसला, आणि मग आतनं दोघी आल्या. ती लेखनिक पोरगी मुसमुसत होती. नूतनची कंपासपेटी तिनं छातीशी धरली होती आणि नूतनचा डावा हात तिच्या खांद्यावर होता.

हणमंतराव ताडकन उठला. "काय झालं?"

"थांबा, अण्णा," नूतन म्हणाली. आधी त्या पोरीला रस्ता ओलांडून तिच्या आईकडं पोचवलं, पेटी घेतली, मग आमच्याकडं आली.

"सर, आलेख राहिला," ती म्हणाली. "एक्स अधिक वाय बरोबर सहा, आन एक्स वजा वाय बरोबर चार. मला डोस्क्यात दिसत हुतं, पाच आन एकला मिळणार. मी बिंदू सांगितलं. पहिली रेघ बरोबर आली. दुसरी मारली तर एक आन पाचला मिळाली. उलटीच. तिनं दुसऱ्या रेघंचं समदं बिंदू उलटं मांडलेलं, आडव्याचं उभ्यावर आन उभ्याचं आडव्यावर."

"आणि पहिली?"

"पहिली उलटी मांडली तरी तीच येती की, सर. म्हणून कळलं न्हाई."

चूक माझी होती. पहिला आकडा आडवा मोजायचा, हे नूतननं बोलून सांगायला हवं होतं, आणि तिला ते बोलायची सवय मी लावलीच नव्हती. मी लेखनिक असताना माझा हात आपसूक बरोबर जायचा.

"मग मी म्हटलं पूस, पुन्ना सांगती. तर ती रडायलाच लागली. कागदावर पाणी. म्हणाली, 'ताई, माझ्या हातनं तुजं वाटोळं झालं.' पेन्सिल धरवंना तिला. मग मी पेपर बाजूला ठेवला."

"पेपर बाजूला ठेवला?" हणमंतराव म्हणाला.

"मग काय करू, अण्णा? ती लय घाबरली हुती. म्हटलं तिला, अगं, तू सांगितलं तसंच केलंस. तुला कसं कळावं? आडवा का उभा ते मी बोललेच न्हाई. तुज्या हातानं काय वाईट झालं न्हाई. असं तिला दोन-तीनदा सांगितलं तवा गप झाली. मग पुन्ना रेघ घेतली, ती निम्मी झाली आन वेळ संपला. बाकीचा पेपर चांगला गेलाय, सर. पास व्हईन मी."

ती मला सांगत होती, पण बोलता बोलता तिचं लक्ष बापाकडं गेलं. हणमंतराव रस्त्याकडं तोंड करून उभा होता. पाठ ताठ, परेडला उभा राहावा तशी, आणि खांदे हलत होते. मी ह्या माणसाला कधी रडताना बघितलं नव्हतं. रसवंतीवाला चरक बंद करून बघत राहिला.

नूतन त्याच्या पुढं जाऊन उभी राहिली.

"अण्णा, इकडं बगा. त्या दिशी लाइट न्हवती म्हणून मी आत हात घातला. तुमी हिरीकडं हुता. मी हाक मारून सांगितलं न्हाई. तुमाला कसं कळावं?"

"गप," तो म्हणाला. "गप बस, बाळ."

"न्हाई बसणार. समद्यांनी गप बसून बसून काय झालंय बगा. तुमी माझ्याकडं बघतसुदीक न्हाई. मला हात गेल्याचं एवढं न्हाई वाटत, तुमी बघत न्हाई त्याचं वाटतंय."

हणमंतराव बाकावर बसला. बसला कसला, कोसळलाच. मग त्यानं हात पुढं केला आणि नूतनच्या उजव्या हातावरची ओढणी हळूच बाजूला केली. ते मनगट त्यानं आपल्या तळव्यावर घेतलं आणि बघितलं. वर्ष होत आलं होतं, आणि मला वाटतं तो ते पहिल्यांदाच बघत होता.

"दुखतं का गं अजून?" त्यानं विचारलं.

"थंडीत दुखतं," ती म्हणाली. "आता न्हाई."